माशांसाठी खडक बनवताना हात सांभाळा

गेल्या पावसाळ्यात बाह्यरुग्ण विभागात एक तरुण दोन्ही हात पुढे धरून आला. बोटांची टोके काळपट आणि कडक झालेली, तळव्यांची कातडी सोललेली. गरम काही लागले का, असे विचारले तर नाही म्हणाला. ॲसिडही नव्हते. "काल तासभर सिमेंट कालवत होतो," तो म्हणाला, "पण तेव्हा काहीच दुखलं नाही." तो गवंडी नव्हता. संगणकावर काम करणारा, घरी खाऱ्या पाण्याचा फिशटँक बाळगणारा हौशी माणूस. टाकीसाठी तो खडक बनवत होता.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत खडक केवळ शोभेसाठी नसतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. खडकाच्या बारीक छिद्रांमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने कमी घातक नायट्रेट करतात. हा खडक समुद्रातून उचलून आणणे मात्र चुकीचे. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ते तोडणे, विकणे हा गुन्हा आहे. त्यामुळे घरी खडक बनवण्याची कल्पना चांगलीच आहे.

कृती सोपी आहे. एक भाग सिमेंट, साधारण तीन भाग शिंपल्यांचा चुरा (कोंबड्यांच्या खाद्यासाठी मिळतो तो चालतो) आणि दोन भाग जाडे मीठ घ्यायचे. पाणी बेताचे घालून मिश्रण घट्ट कालवायचे आणि ओल्या वाळूच्या साच्यात ओबडधोबड आकार द्यायचा. पुढे मीठ विरघळून जाते आणि त्याच्या जागी छिद्रे उरतात. आत लोखंडी सळई किंवा तार घालू नये, खाऱ्या पाण्यात ती गंजते. एक-दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायचे, कारण सिमेंट वाळून नव्हे तर पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. म्हणूनच गवंडी नव्या भिंतीवर पाणी मारतात.

खरी गोम या संयोगातच आहे. त्यातून चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, मोकळा होतो. ओल्या सिमेंटचा सामू, ज्याला आपण पीएच म्हणतो, १२ ते १३ असतो. समुद्राच्या पाण्याचा सुमारे ८.१. हा फरक चार अंकांचा दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर प्रत्येक अंक दहापट असतो. म्हणजे ओले सिमेंट समुद्राच्या पाण्यापेक्षा दहा हजार पट किंवा त्याहूनही जास्त अल्कधर्मी. असा ताजा खडक टाकीत सोडला तर माशांचे कल्ले भाजतात. शिवाय सामू वाढला की पाण्यातला अमोनिया अधिक विषारी रूपात जातो.

म्हणून खडक सहा ते आठ आठवडे गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि पाणी दर आठवड्याला बदलावे. मग दोन बादल्यांत सारखेच खारे पाणी घ्यावे आणि एकीत खडक ठेवावा. तीन दिवसांनी दोन्हींचा सामू सारखा आला, तरच तो टाकीत घालावा.

हे सगळे त्या तरुणाला पाठ होते. माशांसाठी तो दोन महिने थांबायला तयार होता, पण जो चुना माशांना भाजतो तोच आपल्या हातांनाही भाजतो, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. अल्काचा घात असा की तो कातडीतील स्निग्धांश आणि प्रथिने विरघळवत आत शिरतो आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. इजा कळते ती काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. ओल्या सिमेंटमध्ये गुडघे टेकून काम करणाऱ्यांच्या गुडघ्यांवर आम्ही अशाच जखमा पाहतो.

तेव्हा कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. कापडी मोजे सिमेंट शोषून कातडीला चिकटवून ठेवतात. अंगठी काढा. डोळ्यांना चष्मा आणि कोरडे सिमेंट ओतताना तोंडाला मास्क हवाच. मोज्यात सिमेंट शिरले तर काम थांबवून मोजा काढा आणि हात वाहत्या नळाखाली किमान वीस मिनिटे धरा. लिंबू, व्हिनेगर, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून अर्धा तास पाण्याने धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आणखी एक गोष्ट. घरचा खडक टाकीत रुळला की त्यावर विकत आणलेले बटणासारखे प्रवाळ, झोअँथिड, पसरू शकतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. १९७१ मध्ये हवाई बेटांवर ते प्रथम वेगळे करण्यात आले. असा खडक स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नका आणि कोरडा घासू नका. उकळल्याने विष नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर हवेत पसरते. २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतील प्रवाळ काढताना एका संपूर्ण कुटुंबाला रुग्णालयात जावे लागले. खोकला, धाप, ताप, तोंडाला धातूसारखी चव अशी लक्षणे दिसली तर घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा, रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना टाकीबद्दल आवर्जून सांगा. या विषावर उतारा नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात.

त्या तरुणाच्या जखमा भरायला पाच आठवडे लागले. शेवटच्या तपासणीला आला तेव्हा खडकाबद्दल विचारले. "अजून बादलीतच आहे," तो म्हणाला. "पाणी बदलताना आता मोजे घालतो."