झाडांची शिरगणती

माणसांची शिरगणती आपल्याला ठाऊक आहे. मास्तर दारात येतात. घरात माणसे किती, शिकलेली किती, असे विचारून लिहून नेतात. पण झाडांचीही शिरगणती होते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. शहरांतली झाडे राखण्यासाठी महाराष्ट्रात १९७५ साली कायदा झाला. महापालिकांनी आणि नगरपालिकांनी दर पाच वर्षांनी आपल्या हद्दीतली झाडे मोजावीत, असे त्यात आहे. मुंबईत २०१८ साली मोजणी पुरी झाली. सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे भरली. त्यांतली सुमारे १ लाख ८५ हजार रस्त्याच्या कडेची.

तुम्ही म्हणाल, झाडे मोजून काय मिळते? ऐका तर.

आमच्या तालुक्याच्या गावी काही वर्षांपूर्वी जूनच्या वाऱ्यात एक गुलमोहर पडला. खाली चहाची टपरी होती. टपरीवाला पाणी आणायला गेला होता म्हणून वाचला. झाड वरून हिरवेगार, बुंधा आतून कुजलेला. कोणी पाहिले नव्हते. पाहिले असले तरी कोठे लिहिले नव्हते. मग सगळे घाबरले. त्या भीतीपायी शेजारचे दोन धडधाकट कडुनिंबही तोडले गेले. त्यांची सावली गेली ती गेलीच.

पुढे मोजणी निघाली. एक तरुण मुलगा मोबाईल आणि मोजपट्टी घेऊन आमच्या रस्त्याला आला. आम्हांला आता घरी काम काय? आम्हीही त्याच्या मागे निघालो.

तो झाडाजवळ उभा राही आणि मोबाईलवर बोट ठेवी. झाडाची जागा नकाशावर उमटे. हे कसे होते? आकाशात सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतात. ते सारखे संदेश पाठवतात. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढते. निदान चार उपग्रहांचे अंतर कळले की आपली जागा कळते. मात्र दाट फांद्यांखाली दोन-चार मीटरची चूक होते. जवळजवळच्या दोन झाडांची अदलाबदल व्हायची! म्हणून तो बुंध्यावर रंगाने क्रमांकही घाली. खिळा ठोकू नये, साल दुखावते.

मग जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीइतक्या उंचीवर, पट्टी गुंडाळून तो घेर घेई. एका कडुनिंबाचा घेर २२० सेंटिमीटर भरला. त्याला ३.१४ ने भागले की जाडी आली ७०. जात, उंची, ढोली आहे का, वाळवी आहे का, बुंध्याभोवती माती मोकळी आहे की सिमेंट, हेही तो लिही. सिमेंटने मुळांचे पाणी तुटते. २०१३ साली दिल्लीत हरित न्यायाधिकरणाने झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा हुकूमच केला.

त्या कडुनिंबाखाली एक भाजीवाली बसते. ती म्हणाली, "अरं पोरा, नळासाठी चर खणला ना, तवापासून ह्या अंगाची पानं गळत्यात. ते लिव्हलंस का?" त्याने लिहिले नव्हते. मग लिहिले. आम्हांला वाटते, त्या दिवसाची सर्वांत मोलाची नोंद तीच.

झाड आतून पोकळ आहे का, हे पाहायलाही यंत्र आहे. आपण मडके घेताना टिचकी मारून पाहतो ना, तसेच. बुंध्याभोवती खुंट्या लावतात आणि हातोडीने हलके ठोकतात. भरीव लाकडातून आवाज लवकर जातो, पोकळ लाकडातून उशिरा. त्यावरून संगणक बुंध्याच्या आतले चित्र काढतो. यंत्र महाग आहे, म्हणून ते संशयाच्या झाडालाच लावतात.

२०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. झाड तोडायचे तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. म्हणजे वयाची नोंद आली. ती चुकली की झाडाची किंमतच घटली. म्हाताऱ्या माणसांना विचारूनच ते वय नीट कळेल.

वेशीच्या दगडापाशी मुलाने पट्टी गुंडाळली. म्हणाला, "सर, पुढं आपली हद्द नाही." आणि तेथूनच तर आपल्या रस्त्याची वडांची रांग लागते. रस्ता रुंद करायचे बोलणे अधूनमधून निघते. नोंद नसलेल्या झाडाची बाजू कोण मांडणार?

मग आम्ही शिंप्याची टेप आणि शाळेची वही घेतली. चार मुले बरोबर घेतली. दोन सकाळींत फाट्यापर्यंतची ६१ झाडे लिहून काढली. वहीची एक नक्कल ग्रामपंचायतीत दिली आहे. १७ क्रमांकाच्या वडाला पूर्वेकडून ढोली आहे, हात कोपरापर्यंत आत जातो. तो तपासून होईपर्यंत त्याच्याखाली कोणी गाडी सोडू नये.