तारणावरचे तारण

कर्ज देणे म्हणजे माणूस पारखणे, अशी सावकारापासून पतपेढीपर्यंत सर्वांची धारणा होती. ऋणकोची मिळकत, त्याची पत आणि त्याचे जामीनदार यांचा विचार झाल्याखेरीज धनकोची थैली सुटत नसे. इथेरियम या संगणकीय जाळ्यावर गेल्या काही वर्षांत जी कर्जव्यवस्था उभी राहिली, तिने ही पारखच अनावश्यक ठरविली आहे. ‘आवे’सारख्या व्यवस्थेत ऋणकोचे नावही विचारले जात नाही, तारण किती आणि त्याचा बाजारभाव काय, एवढेच पाहिले जाते.

तिची रीत समजण्यास अवघड नाही. ज्यांच्यापाशी आभासी चलन शिल्लक आहे, ते एका सामायिक साठ्यात ठेवतात. कर्ज हवे असणाऱ्याने कर्जाहून अधिक किमतीचे तारण द्यावयाचे. साठ्यातून उचल वाढली की व्याजदर आपोआप चढतो. समजा, १ लाखाच्या तारणावर ७० हजारांचे कर्ज घेतले आणि कर्जाची कमाल मर्यादा तारणाच्या ८० टक्के आहे. तारणाचा भाव ८७,५०० रुपयांच्या खाली गेला की मर्यादा ओलांडली जाते आणि कोणाही तिऱ्हाइताला कर्जाचा भाग फेडून तेवढे तारण सवलतीने उचलण्याची मुभा मिळते. येथे नोटीस नाही, मुदतवाढ नाही, अर्जविनंतीही नाही.

गुंतागुंत सुरू होते ती तारण म्हणून काय ठेवले आहे, येथून. इथेरियमवरील नोंदी प्रमाणित करणाऱ्यास किमान ३२ ईथर अनामत ठेवावे लागतात. काम चोख असेल तर मोबदला मिळतो, लबाडी केल्यास अनामतीला कात्री लागते. ही अनामत नोव्हेंबर २०२० पासून घेतली जाऊ लागली. ती काढून घेण्याची सोय मात्र एप्रिल २०२३ पर्यंत नव्हती. ‘लिडो’ने अनेकांचे ईथर एकत्र करून अनामत ठेवले आणि त्याची पावती म्हणून एक वेगळे नाणे दिले. ही पावती विकता येते, तशीच गहाणही ठेवता येते. एकदा अनामतीत अडकलेले ईथर अशा रीतीने दुसऱ्यांदा तारण होते. त्यावर उचललेल्या ईथरची पुन्हा पावती घ्यावी, ती पुन्हा गहाण ठेवावी, असे चक्र चालविल्यास ७० टक्क्यांच्या हिशेबाने मूळ १ लाखावर ३ लाखांहून अधिक रकमेचा डोलारा उभा राहतो. अनामतीचा मोबदला कर्जाच्या व्याजाहून जास्त असेतोवर तो उभा राहतो, इतकेच.

या डोलाऱ्याची कसोटी जून २०२२ मध्ये लागली. बाजार कोसळला, पावतीधारकांना रोख हवी होती आणि मूळ ईथर तर अडकलेले. पावतीचा भाव ईथरच्या तुलनेत ५ टक्क्यांहून अधिक उतरला. ‘सेल्सियस’ या अमेरिकी कंपनीने ठेवीदारांच्या ईथरपैकी बराच भाग या पावत्यांत गुंतविला होता आणि त्या गहाणही टाकल्या होत्या. १२ जूनला तिने ठेवीदारांची रक्कम काढणे बंद केले. त्यानंतर घडले ते बोधप्रद आहे. तारण जप्त होऊ नये म्हणून कंपनीने जुलैत ‘आवे’ आदी व्यवस्थांची कर्जे फेडली आणि १३ जुलैला दिवाळखोरीचा अर्ज केला. यंत्राचे देणे चुकते झाले. विश्वासाने पैसे ठेवणारी माणसे मात्र न्यायालयाच्या दारात उभी राहिली.

यावरून यंत्रच श्रेष्ठ, असा निष्कर्ष त्याचे पुरस्कर्ते काढतात. यंत्राने पक्षपात केला नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु यंत्र सुरक्षित राहिले ते धोका नाहीसा झाल्यामुळे नव्हे, तर तो ज्याच्यापाशी तारण नव्हते त्याच्या माथी गेल्यामुळे. भारतीय बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे कवच आहे; या व्यवहारांना ते नाही. शिवाय, आभासी चलनाच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. तेव्हा जादा व्याजाचे आमिष दिसेल तेथे व्याजदर विचारण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे : आपले पैसे तारणाच्या मागे सुरक्षित आहेत, की आपले पैसे हेच दुसऱ्या कोणाचे तारण आहे?