वरची वाट, खालची वाट

भीमाशंकरला आपल्यापैकी पुष्कळ जण जाऊन आले असतील. दर्शन आटोपले, की एस्‌टी गाठायची घाई. पण देवळाभोवतीचे रान पाहिल्यावाचून ही यात्रा अर्धीच राहते. १९८५ साली हे रान अभयारण्य झाले, ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू म्हणजे तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. खाणे, निजणे, पिले वाढवणे, सारे झाडावर. काटक्यापानांची घरटीही एक नव्हे, अनेक बांधते. झाडावरून झाडावर सुमारे २० फुटांची झेप घेते. म्हणजे फांदीजवळ फांदी असणे, हाच तिचा रस्ता. मधले झाड गेले, की रस्ता तुटला!

आता आपली पायवाट पाहा. ती अरुंद आहे, म्हणून डोक्यावर फांद्यांचे छत जुळते. चिखल चुकवायला आपण कडेने चाललो, की रोपे तुडवली जातात आणि वाट रुंदावते. आजची रोपे गेली, तर उद्या म्हाताऱ्या झाडाची जागा कोण घेणार?

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना या रानात जरूर न्या. मात्र एकामागे एक चाला, प्राण्यांना खाऊ घालू नका, कागद-पिशव्या परत आणा. आणि घटकाभर गप्प उभे राहून वर पाहा. पाने सळसळली, अर्धवट कुरतडलेले फळ पुढ्यात पडले, तर समजावे, वरच्या वाटेनेही कुणी चालले आहे.