पंपातली हवा : बीड जिल्ह्यातील घरगुती मोटारीचा परिचय

बीड जिल्ह्याच्या बहुतांश भूभागाखाली काळा पाषाण, म्हणजे लाव्हारस थिजून बनलेला बेसाल्ट, पसरलेला आहे. त्यात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळे पाऊस हुकला की आड आणि बोअर लवकर तळ गाठतात, नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येऊ लागते आणि आवारातील हौद हाच कुटुंबाचा मुख्य आधार ठरतो. त्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या किंवा एक अश्वशक्तीची मोटार सर्वत्र दिसते. हौद वारंवार तळाला जात असल्याने तिच्यात हवाही वारंवार शिरते, आणि म्हणून पंप भरणे, म्हणजे सुरू करण्यापूर्वी पंपाच्या पोटातील व ओढनळीतील हवा काढून तेथे पाणी घालणे, हे काम येथे पुन्हापुन्हा करावे लागते.

हे पाणी का घालावे लागते, ते पंपाच्या रचनेवरून कळते. मोटार आणि पंप एकाच दांड्यावर बसवलेल्या मोनोब्लॉक यंत्रात इंपेलर, म्हणजे पात्यांचे चक्र, मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्या घेते, पाण्याला बाहेर फेकते आणि मध्याशी दाब कमी करते. हौदातील पाण्यावर वातावरणाचा जो भार असतो तोच मग पाण्याला नळीतून वर ढकलतो. मात्र हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी असल्यामुळे, वीस मीटर पाणी चढवू शकणाऱ्या चक्राच्या पोटात हवा भरलेली असेल तर तीच गती पाण्याच्या जेमतेम अडीच सेंटीमीटर उंचीइतका दाब निर्माण करते. मोटार जोरात फिरत असूनही टाकीत थेंब न पडण्याचे कारण हेच आहे. वातावरणाचा भारही अमर्याद नाही : समुद्रसपाटीला तो सुमारे १०.३ मीटर पाणी तोलतो, बीडच्या सुमारे ५०० मीटर उंचीवर ही मर्यादा ९.७ मीटरांच्या आसपास येते, आणि चाळीस अंश तापलेल्या पाण्याची वाफ त्यातून आणखी पाऊण मीटर खाते. नळीतील घर्षण धरता सहा-सात मीटरांपलीकडे जमिनीवरच्या पंपाकडून अपेक्षा ठेवू नये.

बीड शहराच्या दक्षिणेस, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात सोळाव्या शतकात बांधलेली खजाना विहीर ह्या साऱ्या खटाटोपाविना चालत आली आहे, कारण तिचे पाणी भूमिगत मार्गांतून निव्वळ उताराने शेतांकडे जाते. पाणी वर चढवायचे म्हटले की यंत्र आले. महाराष्ट्रात त्याचा इतिहास १९१० मध्ये औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेल्या किर्लोस्करवाडीपर्यंत जातो, जेथे १९२६ मध्ये केंद्रोत्सारी, म्हणजे चक्राच्या फेकीवर चालणारा, पंप तयार झाला. गावोगावच्या हापशाला भरण्याची गरज सहसा पडत नाही, कारण त्याचा दट्ट्या खाली पाण्यातच बुडालेला असतो. बोअरमध्ये सोडलेल्या सबमर्सिबल मोटारीलाही हेच लागू पडते.

भरलेले पाणी धरून ठेवण्याचे काम ओढनळीच्या तळाशी बसवलेला फूट व्हॉल्व्ह करतो, म्हणजे जाळी असलेली आणि पाण्याला फक्त वर जाऊ देणारी झडप. पाणीटंचाईच्या दिवसांत टँकरमधून येणाऱ्या पाण्याबरोबर गाळ आणि वाळूही हौदात उतरते, आणि झडपेखाली अडकलेला एक खडाही रात्रभरात नळी रिकामी करण्यास पुरेसा असतो. परीक्षा सोपी आहे : भरण्याच्या तोंडाशी पाणी काठोकाठ आणून थोडे थांबावे, आणि पातळी खाली जात राहिली तर दोष झडपेत किंवा जोडात आहे असे समजावे. पाणी ओतत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पातळी टिकते तरीही पंप पाणी धरत नसेल, तर सांध्यातून चालू मोटारीत हवा ओढली जात असण्याचा, किंवा नळीला मध्येच उंचवटा असून तेथे हवा साठत असण्याचा संभव असतो. ओढनळी पंपाकडे सतत चढतीच असावी लागते.

प्रत्यक्ष कृतीत पहिली पायरी विजेची आहे, आणि येथे हयगय जिवावर बेतू शकते. वीज गेलेली असताना पुष्कळ जण बटण तसेच चालू ठेवून पंपाच्या भरण्याच्या तोंडावरची चाकी खोलतात. वीज कोणत्याही क्षणी परत येते आणि ओल्या जमिनीवर, ओल्या हातांनी काम चाललेले असताना मोटार फिरू लागते. म्हणून बटण बंद करून प्लगही काढून ठेवावा, यंत्राला अर्थिंग, म्हणजे धातूच्या सांगाड्यापासून जमिनीत नेलेली तार, असल्याची खात्री असावी, आणि विजेची गळती होताच तीस मिलिअँपिअरला वीज तोडणारे उपकरण परिपथात बसवलेले असावे. त्यानंतर भरण्याची चाकी काढून स्वच्छ पाणी सावकाश ओतावे, बुडबुडे थांबेपर्यंत हवेला वाट द्यावी, चाकी घट्ट लावावी, सांडलेले पाणी पुसावे आणि मगच बटण दाबावे. मोठ्या केंद्रोत्सारी पंपाचा वरचा, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या नळीवरचा, व्हॉल्व्ह सुरुवातीला बंद ठेवणे योग्य असते, कारण तेव्हा त्याच्यावर भार सर्वांत कमी असतो. परंतु घराघरांतल्या अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपात बहुधा कडेला बारीक खाचा असलेले चक्र असते, त्याचा भार व्हॉल्व्ह बंद असताना उलट वाढतो, म्हणून तो उघडाच ठेवून सुरू करावा. सेल्फ प्रायमिंग जातीचा पंप पोटात काही पाणी राखून स्वतः हवा बाहेर काढतो, पण पहिल्यांदा त्यालाही भरावेच लागते.

दोन-तीन मिनिटांत धार लागली नाही तर मोटार बंद करावी, कारण दांड्याभोवतीच्या सीलला, म्हणजे पाणी मोटारीकडे जाऊ न देणाऱ्या कडीला, थंडावा आणि वंगण पाण्यानेच मिळते आणि कोरडी फिरल्यास ती लवकर जळते. तापलेल्या पंपाची चाकी लगेच उघडू नये, कारण आतली वाफ आणि उकळते पाणी तोंडावर उडण्याची भीती असते. यंत्र हाताला गार लागेपर्यंत थांबावे. टंचाईत एक बादली पाणी केवळ पंपासाठी बाजूला ठेवणे हा उधळेपणा नव्हे, मात्र ते पिण्याजोगे असावे, कारण ते अखेर टाकीतच जाते. झडप पाहण्यासाठी बंद हौदात एकट्याने उतरणे टाळावे. आत प्राणवायू कमी असू शकतो, त्यामुळे नळी वर ओढून झडप बाहेर धुणे अधिक सुरक्षित असते.

हीच मोटार थेट नळाला जोडण्याची प्रथा मात्र निषेधार्ह आहे. त्यामुळे पुढच्या घरांचे पाणी तुटते. शिवाय जलवाहिनीतील दाब वातावरणाच्या दाबाखाली गेला की फुटक्या सांध्यांतून लगतच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते, आणि ते सर्व वस्तीच्या हौदांत पोचते.