मिक्सरच्या भांड्याचा तळ

गौरीजेवणाच्या दिवशी नारळाची चटणी वाटून काढली, तेव्हा त्या पांढऱ्याशुभ्र चटणीत एक बारीक काळी रेघ दिसली. आईला वाटलं, कढीपत्ता जळला असेल. बोटावर घेतलं तर तेलकट लागलं. भांडं सकाळीच घासलेलं होतं, आतून आरशासारखं लखलखत होतं. मी ते उलटं केलं. तळाच्या खोबणीत, कपलरच्या (भांडं मोटरला जोडणाऱ्या दातेरी चकतीच्या) भोवती, काळा चिकट थर बसलेला होता आणि बोट लावलं की सुटत होता. चटणी टाकून द्यावी लागली. वाईट वाटलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीचं. ते भांडं आम्ही कित्येक वर्षं रोज दोनदा घासत होतो, पण उलटं करून कधी पाहिलंच नव्हतं.

घराघरांत मिक्सर मोटर जुनी झाली म्हणून बिघडतो असं समजतात. मी पाहिलेल्या बहुतेक मिक्सरांची भांडी मात्र तळाशी मुरलेल्या पाण्याने आणि खरकट्याने गेली. आणि ते पाणी तिथे मुरतं ते आपल्याच सवयींमुळे.

‘साबणाचं पाणी घालून फिरवलं की भांडं स्वच्छ’

यात अर्धं तथ्य आहे. ही युक्ती मूळची पाश्चात्त्य ब्लेंडरची. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी स्टीफन पोप्लाव्स्की यांनी १९२२ च्या सुमारास असं यंत्र तयार केलं, ते माल्ट घातलेली दुधाची पेयं घुसळण्यासाठी. दूध आणि सरबत घुसळणाऱ्या भांड्याला साबणाचं पाणी पुरतं. आपला मिक्सर वेगळ्या कामासाठी घडला. मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी १९६० च्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर आणला, कारण परदेशी यंत्रं भारतीय वाटणाच्या भाराखाली टिकत नव्हती. सुकं खोबरं, भिजवलेली डाळ, भाजलेले शेंगदाणे, आलं-लसूण हे सगळं तेलकट, चिवट आणि धागेदार. पात्याच्या वरची बाजू फिरत्या पाण्याने धुतली जाते, पण पात्याखालची जेमतेम काही मिलिमीटरची फट तशीच राहते. तिथे खोबऱ्याचा चोथा दबून बसतो.

दुसरी जागा झाकणाच्या रबराची. तो गोल रबर काढता येतो, हेच अनेक घरांत माहीत नसतं. तो काढून खाचेत पाहा. पिवळसर गुळगुळीत थर असेल, कधी काळे ठिपकेही. अमेरिकेतल्या एनएसएफ इंटरनॅशनल या संस्थेने २०१३ मध्ये घरगुती स्वयंपाकघरातल्या वस्तूंची तपासणी केली होती. त्यात ब्लेंडरचा रबर सर्वांत जास्त जंतू सापडलेल्या वस्तूंत होता आणि त्यावर साल्मोनेलासुद्धा आढळला. आपण याच भांड्यात कच्ची चटणी वाटतो आणि ती न शिजवता खातो, म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

तेव्हा साबणाचं पाणी जरूर फिरवा, पण वाटण काढल्या काढल्या. थेंबभर साबण, अर्धं भांडं कोमट पाणी, वीस-तीस सेकंद. मग भांडं मोटरवरून उतरवून जुन्या टूथब्रशने पात्याखाली चारही बाजूंनी घासा. बोट घालू नका, पात्याची कड बोथट दिसली तरी कापते. रबर आठवड्यातून एकदा काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

‘धुऊन पालथं घातलं की काम झालं’

आपल्याकडे भांडं म्हटलं की पालथं घालायचं, हा संस्कारच आहे. पातेल्याला तो योग्य. मिक्सरच्या भांड्याला मात्र खालच्या बाजूलाही एक कड असते, ज्यात कपलर बसतो. भांडं पालथं घातलं की ती कड वर येते आणि तिची वाटी होते. धुताना तळावर पडलेलं पाणी त्या वाटीत साचतं, नेमकं शाफ्टच्या भोवती.

तिथे काय असतं ते समजून घेतलं की पुढचं आपोआप कळतं. पात्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, एका बुशमधून भांड्याच्या तळातून खाली येतो. बुश म्हणजे धातूची छोटी नळी, तिच्यात वंगण मुरलेलं असतं. वरचं वाटण खाली उतरू नये म्हणून एक छोटा रबरी वॉशर असतो. साचलेलं पाणी बुशमध्ये शिरलं की वंगण धुऊन जातं, शाफ्टला गंज चढतो, धातू धातूवर घासतो. त्यातून जी काळी पूड निघते ती उरल्यासुरल्या वंगणात मिसळते. वॉशर झिजला की तेच मिश्रण वर चढतं. आमच्या चटणीत दिसलेली रेघ तीच होती.

म्हणून भांडं आधी क्षणभर पालथं धरून आतलं पाणी निथळू द्यावं, तळाची खोबण कोरड्या फडक्याने टिपावी आणि मग भांडं आडवं, उघडं ठेवावं. झाकण लावून कपाटात ठेवलं की कोंदट वास धरतो, तो कोणत्याही साबणाने लवकर जात नाही.

काळं पाणी दिसू लागल्यावर घासून उपयोग नाही. बुश आणि वॉशर बदलावा लागतो. तोवर त्या भांड्यात काही वाटू नये. तपासायची रीत सोपी आहे. भांडं हातात धरून खालचा कपलर बोटाने फिरवा. सहज फिरला आणि बाजूला हलला नाही, तर ठीक. पातं डावं-उजवं डुलत असेल तर बुश झिजलाय. फिरतच नसेल तर आत खरकटं वाळून घट्ट झालंय. कोमट पाण्यात तास-दोन तास भिजवा आणि हातानेच मोकळं करा. जाम झालेलं भांडं तसंच मोटरवर चढवलं की कपलरचे दाते तुटतात.

अशा वेळी कुणी शेंगदाण्याचं तेल सोडायला सांगतं. स्वयंपाकाचं तेल काही दिवसांनी चिकट होतं, डब्याच्या झाकणावर होतं तसंच, आणि शाफ्ट आणखी घट्ट धरतं. शिलाई मशीनचं तेल तर जेवणाच्या भांड्यात नकोच.

‘खडे मीठ फिरवलं की पात्यांना धार येते’

हा सल्ला आजीपासून मोबाइलवरच्या व्हिडिओपर्यंत सगळीकडे आहे, कुणी मिठाऐवजी अंड्याचं कवच सुचवतं. धार लावायची तर घासणारी वस्तू पोलादापेक्षा कठीण हवी. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर मीठ सुमारे अडीच, अंड्याचं कवच ज्या पदार्थाचं असतं ते कॅल्साइट तीन, आणि पात्याचं पोलाद पाचाच्या पुढे. मीठ पोलादाला घासूच शकत नाही, उलट स्वतः भुगा होतं. मग फरक जाणवतो तो का? मिठाचे खडे पात्यावरचा वाळलेला थर खरवडून काढतात. पातं स्वच्छ झालं की वाटण बरं होतं, आणि आपण म्हणतो धार आली.

मुळात मिक्सरचं पातं विळीसारखं चिरत नाही, ते आपटतं. साधारण सहा सेंटिमीटरचं पातं मिनिटाला पंधरा हजार फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी जवळपास १७० किलोमीटर वेगाने धावतं. दाणा फुटतो तो त्या आघाताने. त्यामुळे वाटण जाडं राहू लागलं तर धारेआधी पाहावं की पातं शाफ्टवर सैल झालंय का, बुश झिजलाय का, आणि भांडं गळ्यापर्यंत भरलंय का.

मिठाचा एक तोटा खराच आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही हा दुसरा गैरसमज. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच त्याला वाचवतो. ओलं मीठ त्या थराला भोकं पाडतं. म्हणून खारट चटणी रात्रभर भांड्यात ठेवली की सकाळी पात्याच्या मुळाशी तपकिरी ठिपके दिसतात.

‘सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातलं की सगळं निघतं’

फेस भरपूर येतो, म्हणून खात्री पटते. खायचा सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेट, पाणी आणि उडून गेलेला वायू. वेगवेगळे वापरा. तेलकट राप आणि लसणाच्या वासाला सोड्याची ओली पेस्ट, आणि बोअरिंगच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.

हळदीचे डाग दोन्हींना दाद देत नाहीत. हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. अल्कधर्मी पदार्थ लागला तर तो लाल होतो. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे, आणि साबण लागताच कपड्यावरचा डाग लालसर दिसतो तोही. पण हा रंग उन्हात टिकत नाही. पिवळं पडलेलं झाकण आधी गोड्या तेलाचं बोट फिरवून पुसा, साबणाने धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. गच्चीवर पापडांच्या शेजारी ठेवलेलं आमचं झाकण तिसऱ्या दिवशी पांढरं झालं होतं.

उकळतं पाणी झाकण लावून कधीही फिरवू नका. पातं फिरताच वाफ एकदम वाढते, झाकण उडतं आणि हात-चेहरा भाजतो. टोमॅटोचं सार करताना उकडलेले टोमॅटो गरम गरम वाटले तरी हेच होतं.

‘बंद पडला म्हणजे मोटर जळली’

मोटरच्या भागावर पाणी ओतू नये, ओलसर फडक्याने पुसावं आणि त्याआधी प्लग काढावा, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. बिघाड ओळखताना मात्र घाई होते. मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, तर कपलर गेला आहे. तो स्वस्त भाग आधी तुटावा आणि मोटर वाचावी, अशीच रचना असते. नव्या मिक्सरला पहिल्या काही वेळा येणारा वास तारांवरच्या वॉर्निशचा असतो. जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका, कार्बन ब्रशची मोटर तशीच चालते. ठिणग्या मोठ्या, नारिंगी होऊ लागल्या तर ब्रश संपत आले आहेत आणि ते बदलता येतात.

होळीच्या दिवशी शेजारच्या मावशींचा मिक्सर पुरण वाटता वाटता थांबला. एका दुकानात फोनवरच सांगितलं की मोटर जळली, नवाच घ्या. मावशी पिशवी घेऊन निघाल्याच होत्या. मी मिक्सर उलटा केला. खाली लाल बटण बाहेर आलं होतं. भार जास्त झाला की ते वीज तोडतं आणि मोटर वाचवतं. घट्ट पुरण, गळ्यापर्यंत भरलेलं भांडं, मध्ये विश्रांती नाही, दुसरं काही झालं नव्हतं. प्लग काढून मिक्सर पंधरा मिनिटं गार होऊ दिला, बटण आत दाबलं, आणि उरलेलं पुरण त्यांनी अर्धं अर्धं भांडं घालून, मधे मधे थांबत वाटून काढलं.