पाच दिवसांनी पुन्हा रेषेवर

आज आम्ही तुम्हाला बर्फावरच्या शर्यतीची गोष्ट सांगणार आहोत. हा खेळ आपल्यापैकी बहुतेकींनी कधी पाहिलेला नाही. आम्ही स्वतःही आधी हेच विचारलं होतं, की बर्फावर माणूस चालताना घसरतो, तिथे पळायचं कसं?

त्यासाठी आधी नेदरलँड्स देशात जाऊ. काही जण त्याला हॉलंडही म्हणतात, आणि तिथल्या लोकांना डच. देश सपाट आणि पाण्याचा. काही भाग तर समुद्राच्या पातळीच्याही खाली आहे. गावोगावी कालवे आहेत. कडक थंडी पडली की कालव्यांचं पाणी गोठतं आणि लहानथोर सगळे बुटांना लोखंडी पातं लावून त्यावर घसरत निघतात. अकरा गावांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची एक शर्यतही तिथे आहे. पण कालव्यांवरचा बर्फ पुरेसा जाड झाला तरच ती होते. १९९७ नंतर ती झालेलीच नाही. आता मोठ्या स्पर्धा बंदिस्त मैदानात, यंत्राने गोठवलेल्या बर्फावर होतात.

या देशाच्या उत्तरेला ग्रोनिंगन प्रांतात सापमेर नावाचं गाव आहे. तिथे १९७४ साली मारियान टिमरचा जन्म झाला. पुढे ती कमी अंतराच्या, म्हणजे वेगाच्या शर्यतींत पळू लागली.

शर्यत कशी असते ते समजून घेऊ. मैदान लांबट गोल असतं, एक फेरी ४०० मीटरची. एका वेळी दोघीच पळतात. एक आतल्या मार्गावर, एक बाहेरच्या. प्रत्येक फेरीत दोघी मार्ग बदलतात, त्यामुळे अंतर दोघींना सारखंच पडतं. अशा एकामागून एक जोड्या पळतात आणि शेवटी सगळ्यांच्या वेळा मांडून नंबर काढतात. म्हणजे खरी लढत शेजारणीशी नसते, घड्याळाशी असते.

आता बुटाची गंमत ऐका. पूर्वी पातं बुटाला पुढून आणि मागून पक्कं जोडलेलं असे. अॅमस्टरडॅमच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्याला पुढच्या बाजूला बिजागरी बसवली. टाच उचलली तरी पातं बर्फावर टेकलेलं राहतं, आणि पायाचा रेटा आणखी क्षणभर मिळतो. पाय उचलला की पातं खटकन मिटतं. त्या आवाजावरूनच या बुटाला 'क्लॅप' स्केट नाव पडलं. हा बूट बराच काळ कुणी मनावर घेतला नव्हता. १९९६-९७ च्या हंगामात डच महिलांनी तो पायात घातला, मोठ्या स्पर्धा जिंकून दाखवल्या, आणि मग सगळं जग त्यांच्या मागून आलं.

पुढच्याच वर्षी, १९९८ साली, जपानमधल्या नागानो शहरात हिवाळी ऑलिंपिक भरलं. मारियान तेव्हा २३ वर्षांची होती. तिने १५०० मीटरची शर्यत १ मिनिट ५७.५८ सेकंदांत पूर्ण केली. सुवर्णपदक मिळालं आणि जागतिक विक्रमही झाला. तीन दिवसांनी १००० मीटरमध्ये, १ मिनिट १६.५१ सेकंदांत, तिने दुसरं सुवर्ण घेतलं.

एवढं झाल्यावर आपल्याला वाटतं, आता हिचं सगळं सोपं झालं. पण तसं झालं नाही. २००२ च्या ऑलिंपिकमधून ती पदकाविना परतली. २००४ साली मात्र नागानोतच ती वेगाच्या शर्यतींची जगज्जेती झाली. या स्पर्धेत दोन दिवसांत चार शर्यती पळाव्या लागतात आणि चारही वेळांचा मिळून हिशोब होतो. एक दिवस चांगला जाऊन भागत नाही.

मग आलं २००६ चं ऑलिंपिक, इटलीतल्या तुरिन शहरात. १४ फेब्रुवारीला ५०० मीटरची शर्यत होती. या खेळात इशाऱ्याची बंदूक वाजण्याआधी हललं तर ती सदोष सुरुवात धरतात. मारियान त्याच नियमात सापडली आणि बाद झाली. चार वर्षांची तयारी, आणि शर्यत पळायलाही मिळाली नाही. तेही सगळ्या जगासमोर.

पाच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, ती १००० मीटरसाठी पुन्हा रेषेवर उभी राहिली. विचार करा, त्या वेळी बंदुकीकडे कान लावून स्थिर उभं राहणं किती अवघड असेल. ती स्थिर राहिली, आणि सुटली. वेळ लागला १ मिनिट १६.०५ सेकंद. कॅनडाच्या सिंडी क्लासेनला १ मिनिट १६.०९ लागले. फरक सेकंदाच्या शंभर भागांतल्या फक्त चार भागांचा. त्या वेगाने मोजलं तर जेमतेम हातभर अंतर. ३१ व्या वर्षी मारियानला तिसरं सुवर्ण मिळालं, आणि तिची वेळ २३ व्या वर्षीच्या वेळेपेक्षा जवळजवळ अर्ध्या सेकंदाने कमी होती.

शेवट मात्र तिच्या मनासारखा झाला नाही. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये हेरेनवीनच्या मैदानावर शर्यतीत पडून तिच्या टाचेचं हाड मोडलं. पुढचं ऑलिंपिक तीन महिन्यांवर होतं, ते हुकलं. २०१० साली तिने खेळणं थांबवलं. पण बर्फ सोडला नाही, ती प्रशिक्षक झाली. तिच्या हाताखाली तयार होणाऱ्या मार्गोट बूरने २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये ५०० आणि १००० मीटर, दोन्हींत कांस्यपदकं मिळवली. ज्या ५०० मीटरमध्ये स्वतः बाद झाली, त्याच शर्यतीत तिची शिष्या पदक घेऊन आली.

मैत्रिणींनो, आम्हाला यातले ते मधले पाच दिवस सगळ्यात मोलाचे वाटतात. आपल्या गटातही एखादीचा व्यवसाय बसतो, हप्ता चुकतो, आणि ती बैठकीत मागे जाऊन बसू लागते. हळूहळू यायचीच थांबते. मारियानला पाचव्या दिवशी उभं राहायला दुसरी रेषा होती. आपल्या मागे बसलेल्या मैत्रिणीसाठी आपण ती रेषा आखली आहे का? येत्या बैठकीत हिशोबाची वही उघडण्याआधी एवढं एकमेकींना विचारा. आणि ती आली नसेल, तर दोघी जणी तिच्या घरी जाऊन या.