घाटात ठिणगी का हुकते?

पनवेलहून पुण्याला जाणारा जुना रस्ता खोपोलीपर्यंत बराचसा सपाट आहे. खोपोली सोडली की बोरघाट लागतो आणि लोणावळ्याला पोचेपर्यंत गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची गाठते. अशी कल्पना करा, की कळंबोलीहून लोखंडी माल भरलेला एक पिकअप टेम्पो या रस्त्याने निघाला आहे. खोपोलीपर्यंत तो सुरळीत धावला. घाट लागताच मात्र गचके देऊ लागला. चालक म्हणतो, "गाडी मिसिंग मारते आहे." तीच गाडी पुन्हा सपाट रस्त्यावर आणली, की इंजिन पुन्हा नीट! असे का व्हावे?

आपला टेम्पो सीएनजीवर चालणारा आहे, असे समजू. डिझेलच्या इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. तेथे ठिणगी लागत नाही. पेट्रोल आणि सीएनजीच्या इंजिनात मात्र इंधन आणि हवा यांचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवावे लागते. प्लगच्या टोकाशी धातूची दोन अग्रे असतात. एक मधले, चिनी मातीसारख्या विद्युत्‌रोधकात बसवलेले. दुसरे बाजूचे, वाकवलेल्या बोटासारखे. या दोहोंमधील फट, म्हणजेच गॅप, साधारणपणे ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. वहीची दहा-बारा पाने एकावर एक ठेवली, तर जेवढी जाडी होईल तेवढीच!

एवढ्याशा फटीतून वीज जाण्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइल वाढवून देते. हा दाब पडला, की फटीतील एखादा सुटा इलेक्ट्रॉन वेगाने धावू लागतो, वायूच्या रेणूवर आदळतो आणि त्यातून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात. हे सगळे मिळून पुढे धावतात, आणि क्षणार्धात वायू विजेचा वाहक बनतो. हीच ठिणगी.

आता वायू दाटीवाटीने भरलेला असेल तर? भर बाजारात धावायचा प्रयत्न करून पाहा. चार पावले टाकताच कोणावर तरी धडकाल. वेग घ्यायला जागाच मिळणार नाही. इलेक्ट्रॉनचेही तसेच होते. म्हणून घनता वाढली, की विजेचा दाबही वाढवावा लागतो. फट वाढली तरी तेच. फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवून दिले, की ठिणगीसाठी लागणारा दाब हा वायूची घनता आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो.

घाटात चालक ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो. सिलिंडरमध्ये मिश्रण गच्च भरते आणि दट्ट्या ते आणखी दाबतो. समजा, ०.८ मिलिमीटर फटीच्या नव्या प्लगला अशा वेळी २०,००० व्होल्ट लागतात, आणि कॉइल जास्तीत जास्त २५,००० व्होल्ट देऊ शकते. प्लग झिजून फट १.१ मिलिमीटर झाली, तर ढोबळ हिशेबाने २७,५०० व्होल्ट लागतील. ते कॉइलच्या आवाक्याबाहेर आहे. सपाट रस्त्यावर मिश्रणाची घनता निम्मी धरली, तर त्याच झिजलेल्या प्लगला १३,७५० व्होल्ट पुरतात. आपले कोडे सुटले! झिजलेला प्लग बाहेर काढून उघड्या हवेत ठिणगी पाहिली, तर ती छान दिसते, त्याचेही कारण हेच. शिवाय गळका वायू असेल, तर असा प्रयोग धोक्याचा. सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून तेथे झीज लवकर जाणवते.

मग फट अगदी लहानच का ठेवू नये? कारण मग ठिणगीही इवलीशी पडते, तिची उष्णता धातूच शोषून घेतो आणि मिश्रण नीट पेटत नाही. फट मोजून ठेवायची ती यासाठीच.

प्लग बदलताना इंजिन थंड होऊ द्यावे. प्लगभोवतीची धूळ आधी झटकावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. एका वेळी एकच प्लग काढावा. काढलेल्या प्लगचे टोक पाहा: फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक, कोरडी काजळी असेल तर इंधन जास्त, तेलकट असेल तर तेल आत शिरते आहे, पांढरेफटक असेल तर प्लग फार तापतो आहे. नव्या प्लगची फट फीलर गेजने मोजावी आणि गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी जुळवावी. कमी-जास्त करायची तर बाजूचे अग्रच हलके वाकवावे. मधल्याला धक्का लावू नये. प्लॅटिनम किंवा इरिडियमची अग्रे नाजूक असतात, तेथे पुस्तिका सांगेल तेवढेच करावे. प्लग आधी हातानेच फिरवून बसवावा, मग पान्याने बेताने आवळावा. पहिल्यापासून पाना लावला, तर ॲल्युमिनियममधले आटे खराब होतात. हे काम जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच पाहावे आणि चालू इंजिनाच्या प्लगला कधीही हात लावू नये.

ठिणगी हुकली, की नुसती ताकदच कमी होत नाही. न जळलेले इंधन धुराड्याकडे जाते, तेथील उत्प्रेरक परिवर्तकात पेटते आणि धूर स्वच्छ करणारे ते महागडे साधन निकामी करते. थोड्याशा झिजेची किंमत अशी मोजावी लागते.

शेवटी एक हिशेब. चार फेरांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे प्रत्येक प्लगला एकदा ठिणगी द्यावी लागते. मिनिटाला ३,००० फेऱ्या आणि ताशी ५० किलोमीटर वेग धरला, तर २०,००० किलोमीटरमध्ये एका प्लगने किती ठिणग्या दिल्या? उत्तर ३ कोटी ६० लाख येते का, ते स्वतः करून पाहा. मग प्लग का झिजतो, हे कोणी निराळे सांगायला नको!